सही कुणाची आणि कागद कुणाचा?

दिवाळीच्या सुटीनंतर महाविद्यालय उघडले त्या आठवड्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थी प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी घुटमळताना दिसला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पिवळट कागद होता. एका सहकारी संस्थेच्या स्थापनेच्या काळातला तो शेअरचा दाखला. सभासद म्हणून विद्यार्थ्याच्या आजोबांचे नाव, आणि तळाशी संस्थापक-अध्यक्षांची, म्हणजे पुढे राजकारणात मोठ्या पदाला पोहोचलेल्या एका गृहस्थांची, शाईने केलेली सही. पुण्याचे एक संग्राहक गावात येऊन गेले होते आणि या कागदाला त्यांनी तीन हजार रुपये देऊ केले होते. "सर, तीन हजार म्हणजे भाव बरोबर आहे का हो?" असा त्याचा प्रश्न. अर्थशास्त्राच्या मास्तराला भाव विचारण्यात गैर काहीच नाही. परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर मला उत्तर देता येईना. ज्या कागदावर छापील दर्शनी किंमत आहे, ज्याच्यावर लाभांश मिळू शकतो, त्याची किंमत दर्शनी मूल्यावरून नव्हे, लाभांशावरूनही नव्हे, तर कोपऱ्यातल्या दोन इंच शाईवरून ठरावी, या व्यवहाराचे स्पष्टीकरण आमच्या क्रमिक पुस्तकांत सहजी सापडत नाही.

हा छंद आपल्याकडे अलीकडे वाढीस लागला असला, तरी जगाला तो नवा नाही. जुने शेअर, कर्जरोखे आणि तत्सम आर्थिक कागद गोळा करण्याला इंग्रजीत 'स्क्रिपोफिली' असे भारदस्त नाव १९७८ साली मिळाले. छंद अर्थातच त्याहून जुना. त्यातही थोर राजकीय पुरुषांची सही असलेल्या कागदांना मान फार. १७६८ साली व्हर्जिनियात डोंगरातून रस्ता काढण्यासाठी एक लॉटरी काढण्यात आली होती. तिच्या तिकिटांवर व्यवस्थापक म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सह्या केल्या. अमेरिकेचे अध्यक्षपद तेव्हा एकवीस वर्षे दूर होते, किंबहुना ते राष्ट्रच जन्माला यावयाचे होते. त्यांपैकी जी तिकिटे शिल्लक आहेत ती आज लिलावात चढ्या भावाने विकली जातात. ज्यांनी ती मूळ किमतीला विकत घेतली त्यांनी बक्षिसाच्या आशेने घेतली असणार. तिकिटाचे खरे बक्षीस दोन शतकांनंतर, भलत्याच माणसाला लागले!

यातली अर्थशास्त्रीय गंमत अशी, की शेअर किंवा रोखा हा मुळात कागद नसतोच, तो एक हक्क असतो. कागद केवळ त्या हक्काची खूण. कंपनी बुडाली, कर्ज फिटले, की हक्क संपतो आणि खूण उरते. संग्राहकाची किंमत नेमकी येथून सुरू होते. जो कागद बँक तारण म्हणून हातात धरणार नाही, तो काचेच्या चौकटीत जाऊन बसतो. पुरवठा वाढण्याची शक्यता नाही, कारण सही करणारा हात या जगात नाही. आणि मागणी मात्र त्या हाताच्या कीर्तीबरोबर वाढत जाते. (हयात पुढाऱ्यांच्या सह्यांना म्हणूनच भाव कमी. त्यांचा पुरवठा अद्याप खंडित झालेला नाही, आणि आमच्या भागात तर तो मुबलक आहे.)

या कागदांपैकी सर्वांत सामान्य कागद आपल्या सर्वांच्या खिशातून गेलेला आहे, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नरची सही असते. एक रुपयाच्या नोटेवर वित्तसचिवाची. १९७६ ते १९८० या काळात अर्थमंत्रालयात सचिव असलेले डॉ. मनमोहन सिंग १९८२ ते १९८५ गव्हर्नर होते. तेव्हा रुपयाच्या नोटेवरही त्यांची सही आहे आणि मोठ्या नोटांवरही. ही सही करणारा माणूस १९९१ साली अर्थमंत्री होईल आणि २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे पंतप्रधान राहील, असे तेव्हा चहाच्या हॉटेलात ती नोट पुढे करणाऱ्या कोणाला वाटले असेल? माझ्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात त्या सहीची एक रुपयाची नोट गेली कित्येक वर्षे आहे. म्हणजे संग्राहकांवर टीका करण्याआधी त्या पंगतीत मीही बसलेलो आहे, हे कबूल केलेले बरे.

मराठी माणसाला याहून जवळची सही चिंतामणराव देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा मनुष्य १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटेवर, राजाच्या मुखवट्याशेजारी, एका कोकणी मराठी माणसाची सही आली. पारतंत्र्यातील अर्थव्यवहाराचे याहून बोलके चित्र क्वचितच सापडेल. पुढे १९५० ते १९५६ ते देशाचे अर्थमंत्री होते आणि मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोटेवरच्या सहीपेक्षा राजीनाम्यावरची सही महाराष्ट्राच्या अधिक लक्षात राहिली, हे आपल्या स्वभावाला धरूनच झाले. तरीही एखाद्या घरात जुन्या पोथीत ठेवलेली देशमुखांच्या सहीची नोट निघाली, तर ती पाहून मन क्षणभर थबकते. संग्राहकाला होणारा आनंद खोटा नाही.

सहीला बाजारभाव आहे हे ओळखून त्याचा सर्वांत व्यवहारी उपयोग कोणी केला असेल, तर तो गांधीजींनी. सही मागणाऱ्याकडून ते हरिजन फंडासाठी पाच रुपये घेत. येथे सहीच आर्थिक कागद झाली. मधल्या दलालाला वावच उरला नाही. व्यापारी वृत्तीचा हा विनियोग पाहून हसू येते आणि आदरही वाटतो.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे वळू. बारामती आणि इंदापूर म्हटले की ऊस, कालवा आणि निवडणूक एवढेच बाहेरच्यांना आठवते. वस्तुतः आर्थिक कागदांचा इतिहास लिहावयाचा तर या टापूला वगळून तो लिहिताच येणार नाही. बारामतीचे बाबूजी नाईक हे थोरल्या बाजीरावांचे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक पेशव्यांचे मेहुणे. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव वारले तेव्हा रघूजी भोसल्यांनी या नाईकांना पेशवेपद मिळावे म्हणून खटपट केली. ती फसली, आणि मग नाईकांनी नव्या पेशव्यामागे जुन्या कर्जाचा तगादा लावला. मोरोपंतांना आश्रय देणारे घराणे म्हणून आपण नाईकांना ओळखतो. राज्याचा कारभारी ज्यांचा ऋणको होता असे घराणे म्हणूनही त्यांना ओळखावयास हरकत नाही. थोर नेत्याच्या नावाचा आर्थिक कागद बाळगणारा माणूस बारामतीत अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी होता. फरक इतकाच, की त्याला तो कागद शोभेसाठी नको होता, वसुलीसाठी हवा होता.

इंदापूरची गोष्ट निराळी. रिकार्डोच्या खंड-सिद्धांताचे पाठ गिरवून आलेल्या प्रिंगल नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८२८ ते १८३० या काळात पुणे भागात जमिनीची आकारणी बसविली आणि ती पार कोसळली. शेतकरी गावे सोडून जाऊ लागले. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पाहणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यातून, १८३६ साली. मुंबई इलाख्याच्या रयतवारी आकारणीची घडी या तालुक्याच्या कोरड्या माळावर बसविली गेली. तीस वर्षांच्या मुदतीची ती आकारणी. आमच्या वर्गात रिकार्डो शिकवताना मी खिडकीबाहेर बोट दाखवतो ते याचसाठी.

आणि सुपे! आज बारामती तालुक्यात मोडणाऱ्या या गावी १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत व दुकानांत शिरून कर्जरोखे बाहेर काढले आणि त्यांची होळी केली. लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. रोष माणसांच्या जिवावर नव्हता, कागदांवर होता. रोखे हवाली केले तेथे बहुधा पुढचा दंगा झालाच नाही. चौकशी आयोग बसला, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जाचे दस्त शेतकऱ्याला समजावून सांगून, ग्राम-निबंधकापुढे लिहिले जावेत, अशी तजवीज त्यात करण्यात आली. म्हणजे कागदात काय लिहिले आहे हे सही करणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे, एवढी साधी गोष्ट मान्य होण्यासाठी आधी कागद जाळावे लागले.

सुप्याच्या त्या आगीत गेलेल्या रोख्यांवर सही कोणाची होती? बहुतेकांवर सही नव्हतीच. निरक्षर कुणब्याचे नाव कारकून लिही आणि त्यापुढे 'निशाणी नांगराची' म्हणून एक छोटासा नांगर काढला जाई. बाई असेल तर निशाणी बांगडीची. माझ्या मते महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातील सर्वांत महत्त्वाची सही ही, नांगराची. तिच्यावर सावकारी उभी राहिली, तिच्यावर मामलेदार कचेरीतले हुकूमनामे निघाले, आणि पुढे तिच्याच पायावर सहकाराची इमारत चढली. परंतु संग्राहकांच्या बाजारात नांगराला भाव नाही. तेथे मागणी आहे ती इंग्रजीतल्या वळणदार सहीला.

माझा आक्षेप आहे तो येथे. संग्राहक कागद जपतात याबद्दल नव्हे. ते एकच कागद जपतात याबद्दल. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात माझे पाऊल रद्दीच्या एका दुकानाकडे वळले. एका गावच्या विकास सोसायटीचे कार्यालय नव्या इमारतीत गेले होते आणि जुन्या कपाटांबरोबर जुने दप्तरही निकालात निघाले होते. किर्दी, खतावण्या, ठेव-पावत्यांच्या स्थळप्रती, सभासद नोंदवह्या यांचा ढीग दाराशी पडला होता. दुकानदार मनुष्य चतुर. त्याने पाच-सहा कागद वेगळे काढून स्वच्छ फाइलमध्ये घातले होते. "ह्याला गिऱ्हाईक आहे, सर. पुढाऱ्याची सही आहे ना. बाकीचं किलोवर जाईल." दप्तराचे दोन भाग त्याने पाच मिनिटांत करून टाकले होते: एक सहीचा आणि एक वजनाचा.

वजनाच्या भागातून मी दोन नोंदवह्या रद्दीच्या भावाने घरी आणल्या. त्या वाचावयास मला अख्खी उन्हाळ्याची सुटी लागली. दहा रुपयांचा शेअर, आणि तोही चार हप्त्यांत भरलेला. 'धंदा' या रकान्यात शेती, मेंढरे, मोलमजुरी, गवंडीकाम. सभासदांमध्ये सात बायका. पैकी पाच जणींच्या नावापुढे 'मयत पतीचे वारस' असा शेरा. दुष्काळाच्या साली, १९७२ नंतर, थकबाकीचा रकाना तांबड्या शाईने भरत गेलेला, आणि त्याच पानांवर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेले 'रोजगार हमीवर' हे दोन शब्द. फाइलीत गेलेल्या त्या सहा कागदांचा अर्थ या वह्यांत होता. अध्यक्षाची सही खाली कशी आली, कोणाच्या दहा-दहा रुपयांवर ती उभी होती, हे सहीवरून कळत नाही. दप्तर एकत्र बांधलेले असते तोवर ते बोलते. त्यातला देखणा कागद उपसून काढला की तो कागद मुका होतो आणि उरलेले दप्तर रद्दी होते.

यावर संग्राहकांचे म्हणणे असे, की आम्ही नसतो तर ते सहा कागदही लगद्यात गेले असते. हे म्हणणे खरे आहे, आणि ते मान्य करताना संकोच वाटण्याचे कारण नाही. आपल्या संस्थांनी दप्तराची जी अनास्था चालविली आहे, तिच्यापुढे संग्राहकाची हाव फारच किरकोळ दोष आहे. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग रियासतकार सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात संपादून काढले, त्याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. त्या कागदांत हिशेब, कर्ज, हुंड्या आहेत म्हणूनच त्यांच्यावरून राज्य कसे चालले हे कळते. मग ज्या सहकाराने गेल्या शतकात आपल्या जिल्ह्याचे रूप पालटले, त्याचे हिशेब किलोवर का जावेत? प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, एक अर्थशास्त्रज्ञ. उपाध्यक्ष विठ्ठलराव विखे पाटील, एक शेतकरी. या दोघांच्या सह्यांचे कागद आज कोणी मागू लागला तर मी समजू शकतो. परंतु शेतकऱ्यांनी कसे कसे करून भाग-भांडवल उभे केले, कोणी दागिना मोडला आणि कोणी बैल विकला, याची साक्ष सह्यांमध्ये नव्हे, पावत्यांच्या स्थळप्रतींत असते. तळेगावच्या काच कारखान्याचेही तेच. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले. लोकमान्यांच्या हस्ताक्षराचा तुकडा कोणीही जपेल. पैसा देणाऱ्याचे नाव कोण जपणार?

कायद्याची बाजूही थोडी पाहिली पाहिजे, कारण ती विकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ अन्वये इतर वस्तू शंभर वर्षांनी पुरावस्तू ठरत असली, तरी ऐतिहासिक मूल्याचे हस्तलिखित, अभिलेख किंवा दस्तऐवज यांच्यासाठी ही मुदत पंच्याहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही, आणि तिचा व्यापार करावयाचा तर परवाना लागतो. हिशेब करून पाहावा. माळेगाव आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने १९५०च्या दशकात उभे राहिले. म्हणजे आपल्या दोन तालुक्यांतील सहकाराचे आरंभीचे कागद आता त्या उंबरठ्याशी येत आहेत. कालपर्यंतची रद्दी उद्या कायद्याच्या भाषेत पुरावस्तू होऊ शकेल. आणि तोवर ती लगद्यात गेलेली असेल.

दुसरी बाब याहून तातडीची. जुना दाखला म्हणजे मेलेला कागद, हे गृहीतच अनेकदा चुकीचे असते. कंपनीचे नाव बदलते, ती दुसरीत विलीन होते, आणि कपाटातला शेअर नव्या नावाने जिवंत राहतो. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे साधे हस्तांतर बंद झाले आणि सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर सरकारी गुंतवणूकदार निधीत जातात हे खरे. पण वारसाला ते मागता येतात. सहकारी संस्थेत तर दाखला म्हणजे केवळ पैसा नव्हे, ते सभासदत्व असते, मत असते. तीन हजारांना कागद विकणाऱ्याने आपण नेमके काय विकतो आहोत हे एकदा पाहावे. १८७९च्या कायद्याने ग्राम-निबंधकाकडून हेच तर अपेक्षिले होते.

संचालक मंडळींना एक विनंती करावीशी वाटते. दप्तर काढून टाकण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र वा इतिहास विभागाला एक पोस्टकार्ड टाकावे, हल्लीच्या भाषेत एक फोन करावा. आमची मुले येऊन गठ्ठे पाहतील, यादी करतील, महत्त्वाच्या पानांची छायाचित्रे घेतील. जागा आमच्याकडेही नाही, पण ग्रंथालयातील नियतकालिकांची दोन कपाटे रिकामी करता येतील. काही ठिकाणी या सूचनेला अनुत्साहाने उत्तर मिळेल याची कल्पना आहे. जुनी सभासद नोंदवही कोण कोण मूळ सभासद होते हेही सांगते, आणि ते पुन्हा वाचले जावे अशी इच्छा प्रत्येक संस्थेत असतेच असे नाही. संग्राहकांनाही एवढेच सांगणे, की कागद घेताना तो कोणत्या गठ्ठ्यातून, कोणत्या गावातून आला हे पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. सहीपुरता कागद कापून चौकटीत बसविण्याची जी पद्धत आहे, ती मात्र थांबलीच पाहिजे. तिला छंद म्हणणे जड जाते.

त्या विद्यार्थ्याचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. मी त्याचा दाखला उलटा केला. मागच्या बाजूला उसाच्या बिलातून झालेल्या कपातीच्या तीन नोंदी होत्या आणि शेवटची पूर्ण भरणा झाल्याची. वारसाचा रकाना कोरा. आजोबांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. "वारस नोंद केली का रे?" असे विचारताच तो गप्प झाला. घरात तीन चुलते, आणि कागद कोणाच्या नावावर चढवायचा यावर एकमत नाही. म्हणूनच तो विकून पैसे वाटून घ्यावेत असे ठरले होते. आजोबा अजून कागदोपत्री सभासद होते, आणि नातू त्यांची सही नव्हे तर अध्यक्षांची सही विकावयास निघाला होता. आजोबांची निशाणी दाखल्यावर नव्हतीच, ती अर्जावर असणार आणि अर्ज संस्थेच्या दप्तरात. ते दप्तर शाबूत असेल तर.

"मग सर, नुसती सही कापून देता येईल का?" त्याने विचारले. मी त्याला अर्जाचा मसुदा लिहून दिला. पुढच्या आठवड्यात तो संस्थेच्या कार्यालयात जाऊन आला. तेथल्या लिपिकाने मृत्यूचा दाखला, चुलत्यांची संमतिपत्रे आणि मूळ कागदाच्या दोन झेरॉक्स प्रती मागितल्या आहेत. दोन चुलत्यांनी संमती दिली असून धाकटे अद्याप तयार नाहीत. पुण्याच्या संग्राहकांचा फोन दर रविवारी येतो. आता ते साडेतीन हजार म्हणतात.